मुन्शीजींची दोन बोटं

मकबूल मुन्शी कागद हातात घेत तेव्हा लगेच वाचत नसत. आधी मांडीवरच्या लाकडी फळीवर तो नीट पसरत, कपाळावरचा चष्मा नाकावर आणत आणि डाव्या हाताचं बोट ओळींवरून सरकवत सरकवत वाक्याच्या शेवटाला नेत. तिथं क्रियापद सापडलं की त्यावर बोट दाबून धरत. मग उजव्या हाताचं बोट पहिल्या शब्दावर ठेवून वाचन सुरू होई. उजवं बोट डाव्याला येऊन भेटेपर्यंत कागदात काय आहे याबद्दल ते चकार शब्द काढत नसत. समोर बसलेला पक्षकार तोवर घामाघूम झालेला असे.

मी नोकरीला लागलो त्या पहिल्या आठवड्यात न राहवून विचारलं, "मुन्शीजी, ते डावं बोट कशाला?"

"दाबून धरलंय," ते म्हणाले. "मोकळं सोडलं की माणूस आपल्या मनाचं क्रियापद लावून मोकळा होतो. आपल्या मनाचं क्रियापद लई वंगाळ असतं, दत्तोबा."

मी वाशीकडचा. आमचा जिल्हा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात गेला त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका तालुक्याच्या कचेरीत हंगामी कारकून म्हणून चिकटलो. कचेरीचा कारभार मराठीत आला होता, पण दप्तरखान्यात लाल रुमालांत बांधून ठेवलेले जुने कागद सगळे उर्दूत होते. ते वाचणारी माणसं कुणी निवृत्त झालेली, कुणी गाव सोडून गेलेली. मुन्शीजींचंही निवृत्तीचं वय उलटून गेलं होतं, पण त्यांच्यावाचून कचेरीचं अडत होतं, म्हणून दरवर्षी त्यांना एकेक वर्षाची मुदतवाढ मिळे. ते जुन्या कागदांचा मराठी तर्जुमा, म्हणजे भाषांतर, करत आणि माझी नेमणूक त्यांच्या हाताखाली होती, कारण निजामाच्या शाळेत माझं सुरुवातीचं शिक्षण उर्दूत झालं होतं.

खरं सांगायचं तर मला ही नेमणूक आवडली नव्हती. आमच्या घरात रझाकारांच्या दिवसांची भीती अजून ताजी होती. निजामाच्या कचेरीतला जुना मुन्शी, एवढं कळल्यावर हा माणूस कसा असेल ते मी परस्पर ठरवून टाकलं होतं. पुढे चार-सहा महिन्यांनी कचेरीच्या शिपायानं सहज बोलता बोलता सांगितलं, की धामधुमीच्या दिवसांत कचेरीवर माणसं चालून आली तेव्हा दप्तरखान्याच्या दाराला पाठ लावून दोन दिवस बसलेला माणूस हाच. "गरिबाचे कागद हायेत आत, मला काय करायचं ते करा," असं म्हणत होते म्हणे. मुन्शीजींनी हे मला कधीच सांगितलं नाही. मी ऐकलं तेव्हा मला माझीच लाज वाटली.

कुणाचं बोलणं अर्ध्यात तोडणं त्यांना खपत नसे. आमचे अव्वल कारकून भाऊसाहेब नेमके याच कलेत पारंगत. समोरच्यानं तोंड उघडलं की पुढचं ते पुरं करत. एकदा साक्षीला आलेला एक शेतकरी दारात उभा राहून म्हणाला, "साहेब, माझ्या चुलत्यानं..."

"जमीन बळकावली, असंच ना?" भाऊसाहेब मान वर न करता म्हणाले.

मुन्शीजींनी टाक खाली ठेवला. "भाऊसाहेब, याचा चुलता तुमच्या वळखीचा हाय का?"

तो शेतकरी गोंधळला. म्हणाला, "न्हाय जी, चुलत्यानं जेवाय बलिवलंय. आज जरा लवकर सोडता का?"

सगळी कचेरी हसली. भाऊसाहेब दोन दिवस मुन्शीजींशी बोलले नाहीत. मुन्शीजी मात्र हसले नाहीत. त्यांनी त्या माणसाला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि त्याची साक्ष सगळ्यांत आधी घ्यायला लावली.

मला त्यांनी जुनी लिपी शिकवली. शाळेत शिकलो ती उर्दू छापील, गुटगुटीत. कचेरीतले जुने कारकून लिहीत ती शिकस्ता, म्हणजे घाईत लिहिलेली मोडकी. अक्षरांवरचे नुक्ते, म्हणजे टिंबं, गायब, शब्द एकमेकांत अडकलेले आणि पूर्णविराम हा प्रकार कुणाच्या गावीच नाही. एकेक वाक्य अर्धं पान चाले. कुठं थांबायचं ते वाचणाऱ्यानं आपलं आपण ठरवायचं. दुपारी कचेरी ओस पडली की मुन्शीजी माझ्याशी एक खेळ खेळत. कोऱ्या कागदावर एक मराठी वाक्य लिहीत, त्यावर तळहात ठेवत आणि हात एकेक शब्द मागे घेत.

"पाटलांनी गड्याला," मी वाचलं.

"काय केलं पाटलांनी?"

"बोलले असतील काहीतरी."

हात सरकला. "मारायला."

"मारलं!" मी म्हणालो.

"असं? बघा बरं पुढं."

"धावून आलेल्या बैलाला." मी ओशाळलो. "म्हणजे बैल धावून आला होता गड्याच्या अंगावर. मग पाटलांनी त्या बैलाला झोडपलं."

मुन्शीजींनी हात पूर्ण काढून घेतला. शेवटी लिहिलं होतं, 'पाणी पाजलं'.

"बघा," ते मिशीत हसत म्हणाले. "बिचाऱ्या पाटलानं तहानलेल्या जनावराला पाणी पाजलं, अन् तुम्ही तेवढ्यात दोनदा फौजदारी लावून मोकळे. शब्दांना बसायला जागा द्या, दत्तोबा. सगळे येऊन बसूस्तोवर निकाल द्यायचा न्हाय."

या खेळात मी हळूहळू तरबेज झालो. सहा महिन्यांत शिकस्ता वाचता येऊ लागली. आठव्या महिन्यात तर मला वाटायला लागलं, की मुन्शीजी उगीचच वेळ लावतात. दोन बोटं, तीन वेळा वाचणं, मग दोन्ही पक्षांना समोर बसवून मोठ्यानं वाचून दाखवणं. मी असतो तर निम्म्या वेळात उरकलं असतं, असं मनात यायचं. त्या वयात येतंच.

त्याच सुमारास मुन्शीजींची लेक नळदुर्गाला बाळंत झाली आणि ते आठ दिवसांच्या रजेवर गेले. जाताना टेबलाच्या खणाची किल्ली माझ्याकडे दिली. रुमाल सोडायचे, बांधायचे, नोंद करायची, एवढंच माझं काम. खणात त्यांचा शिक्काही होता. तर्जुम्यावर तो शिक्का पडल्याशिवाय कागद पुढं जात नसे.

दुसऱ्याच दिवशी एका धनगरवाडीचे दोघे भाऊ आले. तालुक्यापासून तीन कोसांवरची ती वाडी. त्यांची चुलती भागाबाई विधवा होती, मूलबाळ नव्हतं. नवऱ्यामागं ती एका घरात राहत होती आणि घरामागच्या मोकळ्या जागेत तिची मेंढरं बसत. ते घर आणि ती जागा आपली आहे असा पुतण्यांचा अर्ज होता. निजामाच्या काळात त्यांच्या बापानं हाच तंटा कचेरीत आणला होता आणि त्याचा निकाल दप्तरात होता. तो बापाच्याच बाजूनं लागला होता, असं ते सांगत. तो काढून मराठीत करून द्या, अशी त्यांची घाई.

"मुन्शी आठ दिवसांनी येतील," मी म्हणालो.

भाऊसाहेबांनी लगेच माझं वाक्य पुरं केलं. "आणि तोवर यांनी खेटे घालायचे? अरे, तुला येतं ना वाचायला? टाक करून."

मला येत होतं, हे सगळ्यांना दाखवायची हीच संधी होती. मी रुमाल सोडला, कागद काढला, फळीवर पसरला. अगदी मुन्शीजींसारखं डावं बोट सरकवत पानाच्या तळाला नेलं. शेवटची ओळ लख्ख लागत होती. पतीच्या पश्चात या बाईचा सदर जागेवर कोणताही हक्क उरत नाही. 'उरत नाही'वर बोट दाबून धरलं आणि वरून सगळं वाचून काढलं. कुठं अडलो नाही. उजवीकडच्या हाशियात, म्हणजे समासात, आणखी काही तिरप्या ओळी होत्या, पण तो कुण्या साहेबाचा शेरा असेल असं मी धरून चाललो. जुन्या कागदांवर असे शेरे ढीगभर असत. सुवाच्य अक्षरात तर्जुमा केला, खण उघडला आणि मुन्शीजींचा शिक्का मारला. शाई जरा जास्तच लागली होती, हेसुद्धा मला आठवतं.

कागद साहेबांपुढे गेला. तहसीलदार नव्यानं आलेले, पुण्याकडचे. त्यांना उर्दूचं अक्षर कळत नव्हतं, पण मुन्शींच्या शिक्क्यावर त्यांचा भरवसा होता. त्यांनी ताबा देण्याचा हुकूम काढला आणि ते फिरतीवर निघून गेले.

मुन्शीजी परतले ते नातू झाल्याच्या आनंदात. माझ्या हातावर पेढा ठेवला आणि नेहमीप्रमाणे रजेतल्या कामाची वही मागितली. भागाबाईची नोंद आली तिथं थांबले. मूळ कागद मागवला. डावं बोट तळाला गेलं, पण तिथं थांबलं नाही. ते पानाच्या कडेनं वळलं आणि हाशियात शिरलं. त्यांनी कागद आडवा केला.

"दत्तोबा, तुम्ही पान आडवं केलं होतं का?"

माझ्या तोंडातला पेढा तोंडातच राहिला. जुन्या कारकुनांची ही रीतच होती. पान भरलं की दुसरा कागद घ्यायचा नाही. तोच आडवा धरून हाशियात तिरकं लिहीत वर चढायचं. मी वाक्य पानाच्या तळाशी संपवलं होतं. ते तिथं संपलंच नव्हतं. पुढं लिहिलं होतं, असं दिराचं म्हणणं आहे, गावच्या पंचांना विचारता ते खोटं ठरलं, सबब घर व जागा बाईकडेच राहावी.

"ताबा कधी?" मुन्शीजींनी विचारलं.

"आज," मी म्हणालो.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कागद रुमालात बांधला, छत्री घेतली आणि शिपायाला गाडी जुंपायला धाडलं. डोक्यावर वैशाखाचं ऊन. तीन कोस आम्ही दोघं गाडीत समोरासमोर बसून होतो.

वाडीत पोचलो तेव्हा भागाबाईचं सामान बाभळीखाली आलेलं होतं. दोन हंडे, एक तवा, जातं, वाकळांची वळकटी. मेंढरं कोंडल्यासारखी एका कोपऱ्यात ओरडत होती. तलाठी बाजेवर बसून लिहीत होता आणि पुतणे दाराला कुलूप शोधत होते. म्हातारी जात्याला टेकून बसली होती. आम्हाला बघून म्हणाली, "आता आणिक काय ऱ्हायलंय? म्या जाऊ कुठं? मेंढरं बसवू कुठं?"

मुन्शीजींनी सगळ्यांना खाली बसवलं. तलाठ्यालाही बाजेवरून उतरवलं. मग रुमाल सोडून कागद माझ्या हातात दिला.

"वाचा, दत्तोबा."

"मी?"

"तुम्हीच. पयल्यापासून. वाईट अर्धं बी वाचा, गाळू नका."

मी वाचू लागलो. एक ओळ उर्दूत, मग तिचा अर्थ मराठीत. बाईचा सदर जागेवर कोणताही हक्क उरत नाही, इथं आलो आणि भागाबाईनं कपाळावर हात मारून घेतला. थोरला पुतण्या ताडकन उठला. "हेच की! हेच लिवलंय तवा बी!"

"बसा," मुन्शीजी म्हणाले. त्यांचं डावं बोट हाशियाच्या अगदी वरच्या टोकाला होतं. ते तिथून हललं नाही. "वाक्य संपलं न्हाय अजून. आक्का, तुम्हीबी. इतक्यात रडायचं न्हाय."

माझ्या हातातला कागद त्यांनी आडवा केला. मी हाशिया वाचला. त्यांच्या बोटापर्यंत पोचलो. तलाठी टोपी काढून डोकं खाजवत बसला.

"म्हंजी?" भागाबाईनं विचारलं. "ऱ्हाऊ का म्या हितं?"

"ऱ्हावा आक्का. तुमचंच हाय."

ती उठली आणि तवा उचलून आधी तो आत नेऊन ठेवला.

मुन्शीजी माझ्याकडे वळले. "आता बाकीचं आत न्या." मी जातं उचललं, हंडे नेले, वाकळा नेल्या. म्हातारी मागनं येत म्हणत होती, "साहेब, तुमी कशापाई? तुमी तर देवावानी आलात." आयुष्यात मला पुष्कळांनी शिव्या दिल्या आहेत, पण त्या एका आशीर्वादाइतकं काहीच लागलेलं नाही.

परत येताना अर्ध्या वाटेवर मुन्शीजी म्हणाले, "तुमचं वाचन वंगाळ न्हाय, दत्तोबा. तुम्हाला शेवट लवकर सापडतो, एवढंच." आणि छत्री माझ्या बाजूला कलती केली.

दोन दिवसांनी साहेब फिरतीवरून आले आणि आम्हाला आत बोलावलं. टेबलावर तो तर्जुमा होता, माझ्या अक्षरातला, मुन्शीजींच्या शिक्क्याचा. साहेबांना कारकुनांची अक्षरं ओळखू येण्याइतके दिवस झाले नव्हते. "मुन्शी," ते म्हणाले, "तुमच्या भरवशावर मी एका म्हातारीला उन्हात काढलं. तुमच्या शिक्क्याचा कागद असा चुकतोच कसा?"

मी रात्रभर मनाशी घोकून आलो होतो. हंगामी नोकरी, घरात अंथरुणाला खिळलेले वडील, पाठच्या दोन बहिणी, सगळ्याचा विचार करूनही बोलायचं ठरवलं होतं. मी एक पाऊल पुढे झालो. "साहेब, ते मी..."

"दत्तोबा," मुन्शीजी म्हणाले, "साहेबांना पाणी सांगा. जावा."

मी थबकलो. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. साहेबांकडे बघत ते शांतपणे म्हणाले, "शिक्का माझा हाय, साहेब. किल्ली मागं सोडून गेलो ही चूक माझी. ज्याचा शिक्का, त्याची जबाबदारी." त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. फक्त वाक्य पुरं नव्हतं. आणि मी, पुरं करायला आलेला मी, पाणी सांगायला बाहेर गेलो. गेलो तो परत आत गेलो नाही.

त्या वर्षी मुन्शीजींची मुदतवाढ झाली नाही. जायच्या दिवशी त्यांनी शिक्का कचेरीत जमा केला, फळी मला दिली आणि रुमालांवरून एकदा हात फिरवला. मी कसंबसं म्हणालो, "मुन्शीजी, का केलंत असं?" ते म्हणाले, "माझं वाक्य संपत आलंय. तुमचं आत्ता कुठं सुरू झालंय. ते खोडून कसं चालंल?" भागाबाई त्या दिवशी वाडीवरून चालत आली होती. तिनं स्वतःच्या मेंढरांच्या लोकरीची घोंगडी आणली होती. पक्षकाराकडून सुपारीचं खांडही न घेणारे मुन्शीजी नको नको म्हणत राहिले. "आता तुमी कुटं कचेरीत हाय?" असं म्हणून तिनं ती त्यांच्या खांद्यावर टाकली.

दोन-तीन वर्षांनी मी नळदुर्गाला गेलो. तोवर माझी नोकरी कायम झाली होती. लेकीचं घर सोलापूर-हैदराबाद रस्त्यालगत. मालमोटारी धडधडत जात आणि ओसरीवर त्याच घोंगडीवर मुन्शीजी बसलेले. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. माझा आवाज ऐकताच हात पुढे केले. "दत्तोबा! पान आडवं करता का न्हाय?"

"करतो," मी म्हणालो. "कोरं असलं तरी करतो."

खूप हसले. लेकीनं चहा आणला. नातू, जुने रुमाल, भाऊसाहेब, सगळं बोलून झालं. जे बोलायला गेलो होतो ते मात्र राहूनच गेलं. निघताना त्यांनी माझा हात धरून ठेवला.

"तुमचं एक वाक्य माझ्याकडं हाय," ते म्हणाले. "आयुष्यात कुणाचं बोलणं तोडलं न्हाय मी. तुमचं तेवढं तोडलं. रातीला आठवतं. माझ्यापुढं पुरं करू नका, मला ठाऊक हाय ते. चार माणसांत करा. कधीबी करा, पण पुरं करा."

मी हो म्हणालो. पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या लेकीचं कार्ड आलं. मी सवयीनं डावं बोट शेवटी नेलं आणि शेवटचा शब्द वाचला. वारले. तरी मी बोट तिथं ठेवून पहिल्यापासून सगळं वाचलं, कार्ड आडवं करून कडासुद्धा पाहिल्या. कडेला काही नव्हतं. वाक्य संपलं होतं.

साहेब केव्हाच बदलून गेले होते. मी पुढे बढत्या घेतल्या, सचोटीचा माणूस म्हणून निरोपाच्या सभेत मला हारही घातला. त्या सभेत चार माणसं होती, चांगली चारशे होती, पण हार गळ्यात असताना मला ते बोलता आलं नाही. मुन्शीजींची फळी आज माझ्या मांडीवर आहे आणि हे मी तिच्यावरच लिहितो आहे. एवढं सगळं लिहिलं ते एका अर्ध्या वाक्यासाठी. 'साहेब, ते मी' इथं ते तुटलं होतं.

साहेब, ते मी केलं होतं. अक्षर माझं होतं, हाशिया मी वाचला नव्हता आणि शिक्का मी मारला होता. मुन्शीजी त्या दिवशी नळदुर्गात नातवाला मांडीवर घेऊन बसले होते.